चाळिशीच्या आतले मॅगसेसे

स्मृतिपुरस्कार बहुधा उतारवयातील माणसांना मिळतात आणि त्यात देणाऱ्यांची सोयही असते. ज्याचे काम पूर्णत्वाला आले आहे, ज्याच्याविषयीचे मत समाजाने आधीच बनवले आहे, अशा व्यक्तीचा गौरव केल्याने दिवंगताच्या नावाला कसलाही धोका पोहोचत नाही. फार तर पुरस्कार उशिरा दिल्याची तक्रार होते. तरुणांना दिला जाणारा स्मृतिपुरस्कार मात्र वेगळ्या जातीचा असतो, कारण तेथे काम अर्ध्यावर असते, माणूस अजून घडत असतो, पुढील तीस-चाळीस वर्षांत तो काय करील याची हमी निवड समितीला देता येत नाही आणि ज्याच्या नावाने सन्मान करायचा त्याला तर विचारताही येत नाही. फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष रामोन मॅगसेसे यांच्या स्मरणार्थ दिल्या जाणाऱ्या पुरस्कारात चाळीस वर्षे किंवा त्याहून कमी वयाच्या कार्यकर्त्यांसाठी जो स्वतंत्र विभाग या शतकाच्या आरंभी सुरू झाला, त्याचा इतिहास म्हणजे अशा धोक्याचाच इतिहास होय.

मराठी वाचकाला मॅगसेसे हे नाव परके नाही. पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी, १९५८ मध्ये, विनोबा भावे यांचा सन्मान झाला आणि पुढच्याच वर्षी चिंतामणराव देशमुख यांचा. त्यानंतर जामखेडच्या आरोग्य प्रकल्पासाठी डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे, उरुळी कांचनचे मणिभाई देसाई, आनंदवनचे बाबा आमटे, स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले, हेमलकशाचे डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे अशी ही परंपरा चालत आली. यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत कामाचा आरंभ आणि गौरव यांच्यामध्ये फार मोठे अंतर पडलेले दिसते. विनोबा बासष्ट वर्षांचे होते. बाबा आमटे यांनी आनंदवनाची उभारणी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस सुरू केली आणि मॅगसेसे मिळाला तो १९८५ मध्ये. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ चा, तर आमटे दांपत्याचा पुरस्कार २००८ चा. आरोळे दांपत्याला १९७० मध्ये सुरू केलेल्या कामासाठी नऊच वर्षांत पुरस्कार मिळाला, परंतु तो अपवाद म्हणावा लागेल. भामरागडच्या जंगलात दिवा नाही, रस्ता नाही, औषध घ्यायला रुग्ण येत नाही, अशा पहिल्या वर्षांत तरुण डॉक्टरांना जो आधार लागतो तो पस्तीस वर्षांनी आलेल्या मानचिन्हाने मिळत नाही, हे उघड आहे.

ज्यांच्या स्मृतीसाठी हा पुरस्कार आहे ते मॅगसेसे स्वतः म्हातारे झालेच नाहीत. ३१ ऑगस्ट १९०७ रोजी झांबालेस प्रांतात जन्मलेला हा माणूस बस कंपनीच्या कार्यशाळेत मेकॅनिकचे काम करीत वर आला, दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजांविरुद्ध गनिमी तुकड्यांचा नायक झाला, १९४६ मध्ये संसदेत गेला आणि १९५० मध्ये संरक्षणमंत्री झाला. त्या काळी मध्य लुझोनमध्ये हुकबलाहाप नावाची सशस्त्र शेतकरी चळवळ जोरात होती; जपान्यांशी लढण्यासाठी उभी राहिलेली ही कम्युनिस्ट नेतृत्वाखालील सेना युद्धानंतर जमीनदारांविरुद्ध व सरकारविरुद्ध उलटली होती. मॅगसेसे यांनी एकीकडे लष्करी कारवाई तीव्र केली आणि दुसरीकडे शरण येणाऱ्यांना मिंदानाओ बेटावर जमीन देऊन वसवण्याची योजना आखली, आणि या दुहेरी धोरणाने बंड मोडले. १९५३ च्या अखेरीस ते राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी मालाकान्यांग या अध्यक्षीय प्रासादाचे दरवाजे सामान्य लोकांसाठी उघडले आणि लोकांच्या तक्रारी ऐकून त्यांवर कारवाई करणारी समिती नेमली. १७ मार्च १९५७ रोजी सेबू बेटावरील मानुंगाल डोंगरावर त्यांचे विमान कोसळले. विमानातील एक पत्रकार तेवढा वाचला. मॅगसेसे त्या वेळी एकोणपन्नास वर्षांचे होते.

या चरित्राची दुसरी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही, कारण पुरस्काराच्या पुढील वाटचालीत ती वारंवार डोके वर काढते. हुकबलाहाप बंडाविरुद्धच्या मोहिमेत आणि १९५३ च्या निवडणुकीत एडवर्ड लान्सडेल या अमेरिकी गुप्तचर अधिकाऱ्याचे साहाय्य मॅगसेसे यांना होते, आणि शीतयुद्धाच्या काळातील आशियात अमेरिकेला हवा तसा लोकप्रिय, प्रामाणिक व कम्युनिस्टविरोधी नेता म्हणून त्यांच्याकडे पाहिले जात होते. त्यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांतच न्यूयॉर्कच्या रॉकफेलर ब्रदर्स फंडाने निधी देऊ केला आणि फिलिपिन्स सरकारच्या संमतीने पुरस्काराची स्थापना झाली. मनिलामध्ये, मॅगसेसे यांच्या जन्मदिवशी, ३१ ऑगस्टला हा सन्मान देण्याची प्रथा दीर्घकाळ होती. प्रमाणपत्र, मॅगसेसे यांची मुद्रा कोरलेले पदक आणि रोख रक्कम असे त्याचे स्वरूप असून शासकीय सेवा, सार्वजनिक सेवा, सामुदायिक नेतृत्व, पत्रकारिता-साहित्य-संज्ञापन कला आणि शांतता व आंतरराष्ट्रीय सामंजस्य असे पाच विभाग प्रारंभापासून होते.

सहावा विभाग २००० मध्ये ठरला आणि त्यासाठी पैसा पुन्हा अमेरिकेतूनच, फोर्ड फाउंडेशनकडून आला. ‘उदयोन्मुख नेतृत्व’ असे त्याचे नाव. त्याच्या अटी तीन आहेत आणि तिन्ही विचारपूर्वक घातलेल्या दिसतात: वय चाळीस किंवा त्याखालील असावे, आपल्या समाजात परिवर्तनाच्या एखाद्या प्रश्नावर त्या व्यक्तीने ठळक काम केलेले असावे आणि त्या समाजाबाहेर तिचे नेतृत्व अद्याप फारसे ओळखले गेलेले नसावे. पहिली अट सोपी आहे आणि थोडी मनमानीही, कारण एकेचाळिसाव्या वाढदिवशी माणसात असा कोणता फरक पडतो हे कोणी सांगू शकणार नाही. तिसरी अट मात्र विलक्षण आहे. पुरस्कार सामान्यतः प्रसिद्धीच्या मागोमाग जातात. येथे अप्रसिद्धी ही पात्रता ठरवली आहे, म्हणजेच वर्तमानपत्रांच्या कात्रणांवरून निवड करता येणार नाही, त्या गावात, त्या वस्तीत जाऊन लोकांकडून माहिती काढावी लागेल, हे समितीने स्वतःवर ओढवून घेतले. अर्थात पुरस्कार जाहीर झाला की ही पात्रता त्याच क्षणी संपते, हा त्यातला अटळ विरोधाभास आहेच. २००९ पासून संस्थेने बाकीचे विभाग ठरावीक स्वरूपात देणे बंद केले, परंतु तरुणांचा हा विभाग मात्र राखून ठेवला, यावरून त्याचे महत्त्व संस्थेलाही पटले असावे.

२००१ मध्ये हा सन्मान प्रथम दिला गेला तो दोन स्त्रियांना. कंबोडियाच्या ओउंग चांथोल यांनी अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी संकटकालीन आश्रयकेंद्र उभारले होते, तर इंडोनेशियाच्या दिता सारी कामगारांच्या संघटक होत्या आणि सुहार्तो यांच्या राजवटीत १९९६ मध्ये संप घडवल्याबद्दल तुरुंगात गेल्या होत्या. सुहार्तो पायउतार झाल्यानंतर १९९९ मध्ये त्यांची सुटका झाली, तेव्हा त्या तिशीच्याही आत होत्या. याच दिता सारींनी मॅगसेसे स्वीकारल्यानंतर काही महिन्यांतच, २००२ च्या प्रारंभी, बुटांच्या एका जगप्रसिद्ध कंपनीचा मानवी हक्क पुरस्कार आणि त्याची पन्नास हजार डॉलरची रक्कम नाकारली. त्या कंपनीचे बूट शिवणाऱ्या इंडोनेशियन कामगारांना मिळणारी मजुरी आणि तिच्या नावाने दिला जाणारा मानवी हक्कांचा सन्मान या दोन गोष्टी त्यांना एकत्र बसवता येईनात.

पैसा कोठून येतो हा प्रश्न त्याच वर्षी मॅगसेसेच्या दारात येऊन उभा राहिला. २००२ चे मानकरी संदीप पांडे हे कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाचे डॉक्टरेट; तेथे शिकत असताना त्यांनी मित्रांसह १९९१ मध्ये ‘आशा’ ही संस्था काढली, जी परदेशस्थ भारतीयांकडून निधी गोळा करून भारतातील वंचित मुलांच्या शिक्षणाला मदत करते. भारतात परतल्यावर काही काळ आयआयटी कानपूरमध्ये शिकवून त्यांनी नोकरी सोडली आणि उत्तर प्रदेशातील खेड्यांत शाळा व दलितांचे हक्क या कामात स्वतःला गुंतवून घेतले. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर १९९९ मध्ये पोखरण ते सारनाथ अशी शांतियात्राही त्यांनी काढली. असा माणूस मनिलाला गेला तेव्हा इराकवरील संभाव्य युद्धाच्या निषेधार्थ अमेरिकी दूतावासासमोरील निदर्शनांत तो सामील झाला, यात आश्चर्य नव्हते. मनिलातील एका वृत्तपत्राने अग्रलेखातून त्यांना डिवचले, की अमेरिकेचा एवढा राग असेल तर अमेरिकी पैशाचा पुरस्कारही परत करावा. पांडे यांनी पन्नास हजार डॉलरची संपूर्ण रक्कम परत केली आणि पुरस्कार स्वतःकडे ठेवला. स्मृती आणि निधी या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात, मॅगसेसे हे नाव स्वीकारूनही फोर्डचा पैसा नाकारता येतो, ही भूमिका त्यांनी एका कृतीने मांडली; पुरस्काराच्या इतिहासात एवढा नेमका युक्तिवाद क्वचितच झाला असेल.

२००६ मध्ये अरविंद केजरीवाल यांना हा सन्मान मिळाला, आणि तो कशासाठी मिळाला हे आज बहुतेकांच्या स्मरणातून गेले आहे. प्राप्तिकर खात्यातील हा अधिकारी ‘परिवर्तन’ या छोट्या गटासह दिल्लीच्या सुंदर नगरीसारख्या गरीब वस्त्यांत काम करीत होता. दिल्ली राज्याचा माहितीचा अधिकार कायदा २००१ चा, म्हणजे केंद्राच्या कायद्यापेक्षा चार वर्षे जुना होता. त्याखाली महापालिकेच्या कामांची बिले आणि करारांच्या नकला मागवायच्या, मग ती कागदपत्रे घेऊन वस्तीतील लोकांसह गल्लोगल्ली हिंडायचे, कागदावरचे गटार प्रत्यक्षात बांधले आहे का, नोंदवलेला हातपंप जागेवर आहे का, रस्त्याची लांबी बिलाइतकी भरते का हे पडताळायचे आणि शेवटी जनसुनावणी घेऊन, म्हणजे अधिकाऱ्यांना व लोकप्रतिनिधींना बोलावून सर्वांसमक्ष, हिशेब वाचून दाखवायचा, अशी ही पद्धत होती. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने नव्वदच्या दशकात ती रूढ केली होती, आणि महाराष्ट्रातही अण्णा हजारे यांच्या आंदोलनांमुळे माहितीच्या अधिकाराचा राज्य कायदा केंद्राआधी आला होता. पुरस्काराची रक्कम केजरीवाल यांनी एका नव्या प्रतिष्ठानाच्या मूळ निधीसाठी दिली; नोकरी त्यांनी पुरस्कारापूर्वीच सोडली होती. २०११ मध्ये ते अण्णांच्या लोकपाल आंदोलनात होते, २०१२ मध्ये आम आदमी पक्ष निघाला आणि २०१३ मध्ये ते दिल्लीचे मुख्यमंत्री झाले. त्यानंतरच्या कारकिर्दीबद्दल, तुरुंगवासासकट, मते टोकाची आहेत आणि राहतील. तरीही २०२४ च्या बातम्यांवरून २००६ च्या निवडीची परीक्षा घेणे न्याय्य नाही. निवड सुंदर नगरीतल्या कागदांची झाली होती, पुढच्या मंत्रिमंडळाची नव्हे.

चेन ग्वांगचेंग यांच्या बाबतीत तर स्वतः मानकरी समारंभाला येऊच शकला नाही. चीनच्या शांडोंग प्रांतातील एका खेड्यात जन्मलेल्या चेन यांची दृष्टी अगदी लहानपणीच्या आजारात गेली. पदवी नसताना ते ऐकून-ऐकून कायदा शिकले; अशा ग्रामीण वकिलांना चीनमध्ये अनवाणी वकील म्हणत. लिन्यी भागात कुटुंबनियोजनाचे उद्दिष्ट गाठण्यासाठी स्त्रियांवर सक्तीने नसबंदी व गर्भपात केले जात असल्याच्या साक्षी त्यांनी २००५ मध्ये गोळा केल्या आणि त्यांच्या वतीने न्यायालयात जाण्याचा प्रयत्न केला. परिणामी २००६ मध्ये मालमत्तेचे नुकसान व वाहतुकीला अडथळा अशा आरोपांखाली त्यांना चार वर्षे तीन महिन्यांची शिक्षा झाली. २००७ मध्ये ते तुरुंगात असतानाच मॅगसेसे जाहीर झाला. त्यांच्या वतीने तो घेण्यासाठी पत्नी युआन वेइजिंग निघाल्या, परंतु बीजिंगच्या विमानतळावर त्यांना अडवण्यात आले आणि पासपोर्ट रद्द करून गावी परत पाठवण्यात आले. शिक्षा संपल्यावरही घराभोवती पहारा होता. एप्रिल २०१२ मध्ये हा दृष्टिहीन माणूस रात्री भिंत ओलांडून निसटला, अमेरिकी दूतावासात पोहोचला आणि महिन्याभरात न्यूयॉर्कला गेला. २०२० मध्ये अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात त्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांच्या समर्थनार्थ भाषण केले, तेव्हा त्यांच्या जुन्या पाठीराख्यांपैकी काहींना ते रुचले नाही. लिन्यीतील स्त्रियांच्या साक्षींचे मोल मात्र त्या भाषणाने कमी झाले नाही.

बातम्यांत न येणारी नावे या विभागात अधिक आहेत. फिलिपिन्सच्या डोंगराळ भागातील आदिवासींसाठी त्यांच्याच संस्कृतीला धरून शाळा चालवणारे बेंजामिन आबादियानो, दक्षिण कोरियातील चोनान या शहरात नागरी संघटनांची वीण घालणाऱ्या युन हे-रान, श्रीलंकेत युद्ध व त्सुनामी अशा दोन आघातांनंतर लोकांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणारे आनंद गलप्पट्टी यांची नावे भारतात क्वचितच कोणी ऐकली असतील, आणि तिसऱ्या अटीचा हेतू खरे तर अशाच माणसांनी पुरा होतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर विभाग कोणताही असो, चाळिशीच्या आत मॅगसेसे मिळवणाऱ्या नीलिमा मिश्रा यांचे उदाहरण लक्षणीय आहे. जळगाव जिल्ह्यातील पारोळा तालुक्यातले बहादरपूर हे त्यांचे गाव. पुणे विद्यापीठात मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतल्यावर त्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांच्याबरोबर राहिल्या. हाताने काम करीत शिकणे हे या आश्रमाचे सूत्र. ग्रामीण मुलांना वेल्डिंग, बांधकाम, शेती, घरगुती वीजजोडणी यांच्या आधाराने विज्ञान शिकवण्याचा तो प्रयोग होता. तेथून त्या गावी परतल्या आणि ‘भगिनी निवेदिता ग्रामीण विज्ञान निकेतन’ या संस्थेमार्फत बचत गटांचे काम त्यांनी सुरू केले. गटातील स्त्रिया ज्या गोधड्या पूर्वी घरापुरत्या, जुनेर जोडून शिवत, त्याच त्या मोजमापाने, रंगसंगती सांभाळून शिवू लागल्या आणि त्यांचा माल परदेशीही गेला. त्याला जोडून शेतकऱ्यांसाठी फिरत्या कर्जनिधीची सोय झाली, म्हणजे एकाने फेडलेला पैसा दुसऱ्याच्या हाती जाणार, व्याजाच्या सावकारी चक्रात नव्हे. घराघरांत शौचालये बांधली गेली. कापूस पिकवणाऱ्या आणि कर्जात रुतलेल्या खानदेशात हे काम किती कठीण होते हे सांगायला नको. २०११ मध्ये मॅगसेसे आणि २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याआधी बहादरपूरचे नाव जिल्ह्याबाहेर किती जणांनी ऐकले होते?

याउलट २०१६ चे मानकरी, कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णा, चेन्नईच्या सभागृहांत आधीपासूनच प्रख्यात होते. अप्रसिद्धीची अट त्यांच्या बाबतीत बरीच ताणावी लागली असणार. त्यांचे योगदान असे, की उरूर ओल्कॉट कुप्पम या मच्छीमार वस्तीत संगीत-नृत्याचा उत्सव भरवून त्यांनी ब्राह्मणी सभागृहांची मक्तेदारी प्रश्नांकित केली. त्यांच्याच निमित्ताने २०२४ मध्ये दुसऱ्या एका स्मृतिपुरस्काराचा वाद न्यायालयात गेला: मद्रास म्युझिक अकादमीच्या संगीत कलानिधीसोबत एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्या नावाने दिला जाणारा पुरस्कार कृष्णा यांना देण्यास, त्यांनी सुब्बुलक्ष्मींविषयी केलेल्या लेखनाचा आधार घेऊन, सुब्बुलक्ष्मींच्या नातवाने विरोध केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. दिवंगताला विचारता येत नाही तेव्हा वारस बोलतात, संस्था बोलते आणि कधी न्यायाधीशांनाही बोलावे लागते.

मॅगसेसे यांच्या बाबतीत वारसांऐवजी इतिहास बोलतो. २०२२ मध्ये केरळच्या माजी आरोग्यमंत्री के. के. शैलजा यांनी हा पुरस्कार स्वीकारण्यास नकार दिला. कम्युनिस्टांचे बंड मोडणाऱ्या नेत्याच्या नावाचा सन्मान आपल्या पक्षाच्या नेत्याने घेऊ नये, अशी त्यांच्या पक्षाची भूमिका होती. शैलजा काही उदयोन्मुख वयाच्या नव्हत्या, पण याच वर्षी तरुणांच्या विभागात गौरवलेला गॅरी बेनशेघिब हा सत्तावीस वर्षांचा युवक या इतिहासापासून सर्वस्वी मोकळा होता. जन्माने फ्रेंच, लहानपणापासून बालीत वाढलेल्या या युवकाने भावासोबत २०१७ मध्ये प्लास्टिकच्या बाटल्या व बांबूच्या होड्यांतून पश्चिम जावामधील चितारुम या अतिप्रदूषित नदीवर प्रवास केला, त्याचे चित्रण प्रसारित केले आणि पुढे बालीतील ओढ्या-नद्यांवर कचरा अडवणारे तरंगते अडसर बसवण्याचे काम हाती घेतले. येथे सेवा आणि तिची चित्रफीत एकाच वेळी जन्माला येतात. नदीचा काठ समाजमाध्यमांवरील लाखो प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर असतो. त्यामुळे समाजाबाहेर नेतृत्व अद्याप ओळखले गेलेले नसावे, ही २००० मधील अट आता कशी वाचायची, हे मनिलाच्या विश्वस्तांना नव्याने ठरवावे लागेल. बहादरपूरसारखी गावे शोधून काढण्याचा हेतू टिकवायचा असेल तर ती शिथिल करण्यापेक्षा कडक करणेच योग्य ठरेल.